शीटवर नसलेला प्रश्न

मुलुंड (पूर्व)
११ जानेवारी २०२५

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. इथे कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तुझा पत्ता तुझ्या वहिनीकडून घेतला. ती तुम्हाला दर दिवाळीत फोन करते. मला ते ठाऊक नाही असं तिला वाटतं.

कामापुरतं लिहितो. भांडुपच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक कोरियन लेथ मशीन आलं आहे. पॅनेल कोरियन, माहितीपुस्तक कोरियन. आमच्यातल्या एका माणसाला म्हणून ती भाषा थोडीफार शिकून घ्यायची आहे. त्याने रद्दीवाल्याकडून एक पुस्तक मिळवलं आहे. पहिली दहा पानं नाहीत, बाकी ठीक आहे.

लिपी सोपी आहे. मूळ अक्षरं चोवीस. उभी रेघ, आडवी रेघ, वर्तुळ, काटकोन. ज्याने आखली त्याला ड्रॉइंगची समज होती. क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. आपण 'जाणे'तला 'णे' काढतो, 'जा' उरतं. ते 'कादा'तला 'दा' काढतात, 'का' उरतं. त्याला 'यो' लावलं की 'कायो'. जातो, जाते, जातोस, जातात, सगळ्यांना एकच. (हा 'क' म्हणजे आपल्या क आणि ग यांच्या मधला आवाज आहे. आपल्या बाराखडीत त्याला जागा नाही, त्याला इलाज नाही.) 'ओदा' म्हणजे येणे, त्याचं 'वायो'. 'मॉक्ता' म्हणजे खाणे, त्याचं 'मॉगॉयो'. धातूत आ किंवा ओ असेल तर पुढे 'आयो', नसेल तर 'ऑयो', हा नियम त्या माणसाला समजला आहे. मग 'हादा', म्हणजे करणे, याचं 'हेयो' कसं होतं? पुस्तक म्हणतं, अपवाद. अपवाद हे उत्तर नव्हे.

शिवाय खालची चार वाक्यं कोरियनमध्ये लिहून पाठव. हाताने लिही, मोबाइलवर नको. छापील अक्षरात रेघ कुठून सुरू झाली ते दिसत नाही.

जेवलात का?
थंडी वाजते का?
आज शाळेत काय केलंस?
तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?

त्या माणसाला ती लागतील असं तो म्हणतो.

शिवदास


गोजे बेट
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहायला बसलो होतो, पण सात वर्षांत हाताची सवय गेली. म्हणून नुसतंच दादा.

पाकिटावरचं अक्षर दारातूनच ओळखलं. पिन कोडचे आकडे पट्टी लावल्यासारखे लिहिणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. मीनजंगने पाकीट दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

आधी तुझ्या 'त्या माणसाची' उत्तरं. चारही वाक्यं सोबत आहेत, रेघ जिथून सुरू होते तिथे टिंब दिलंय. आता 'हादा'चं 'हेयो' का? मला माहीत नाही. मीनजंगला विचारलं. ती नर्स आहे, मास्तरीण नाही, ती हसायला लागली. तूच सांग, 'करणे'चं 'करलं' का होत नाही, 'केलं' कसं होतं? चौपन्न वर्षं बोलतोयस, अडलं कधी?

आणि एक प्रश्न माझा. दादा, कुठलं लेथ मशीन विचारतं रे, की आज शाळेत काय केलंस?

असो. तू लपवतोयस तर लपव. मी मात्र सरळ लिहितो. जुलैच्या शेवटी युनाच्या शाळेला आणि आमच्या शिपयार्डला एकदमच सुट्टी असते. तीन आठवडे भारतात येतोय. मुलुंडला यायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. त्या डिसेंबरात आलो तेव्हा मीनजंगला सातवा महिना होता. तुझ्यासमोर वाकून तिने तो भेटीचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, काहीतरी बोलली. तू डबा घेतलास आणि आतल्या खोलीत निघून गेलास. आम्ही चाळीस मिनिटं बाहेर बसलो. वहिनी बिचारी 'बस गो बाय, खा गो बाय' करत तिला मालवणीत सगळं भरवत होती. तू बाहेर आला नाहीस.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा, तू बावीसचा. माझं शिक्षण झालं कारण तुझं राहिलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर ते इतकं लागलं. माझ्या मुलीच्या आईशी जिथे कोणी बोलत नाही, त्या घरात मी मुलीला आणणार नाही.

युनाला मी सांगितलंय की तुझे एक 'खुनाबॉजी' आहेत. वडिलांच्या थोरल्या भावाला इथे असं म्हणतात, अर्थ 'मोठे बाबा'. तिने विचारलं, किती मोठे? म्हटलं, पाच फूट चार इंच.

सुयोग


मुलुंड (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

पाच फूट साडेचार.

तो माणूस मी आहे. लेथ मशीन खरं आहे, पण त्याचं पॅनेल इंग्रजीत आहे. गेल्या जूनपासून रोज सकाळी सव्वापाच ते साडेसहा बसतो. वह्या चार झाल्या. क्रियापदं तीनशे बारा, प्रत्येकाचं वर्तमान आणि भूत, लाल आणि निळ्या शाईत. 'मॉगॉयो' खातो, 'मॉगॉस्सॉयो' खाल्लं. 'वायो' येतो, 'वास्सॉयो' आला. 'करलं' आणि 'केलं' यावर तू मला निरुत्तर केलंस. चार दिवस विचार केला. अपवाद मान्य.

तुझ्या वहिनीने पुस्तकाला हात लावलेला नाही. मोबाइलवर मालिका बघून चाळीसेक शब्द उचललेत, तेही वाकडेतिकडे, आणि सगळीकडे वापरते. भाजीवाल्याला 'खाम्साहाम्निदा' म्हणते, म्हणजे धन्यवाद. तो आता तिला कोथिंबीर फुकट देतो. माझ्या वहीला ती मोडी म्हणते. परवा म्हणाली, "अहो, ती मोडी आवरा नि दूध बघा उतू जातंय ते. आठ महिने झाले, एक शब्द तोंडातून निघाला नाही तुमच्या. मुका नवरा परवडला, पण हा मुका असून अभ्यास करतो!"

तिचं खरं आहे. मोठ्याने अजून काही म्हटलेलं नाही. उच्चार पक्का बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं आहे. मापात नसलेला जॉब मी टेबलावरून पुढे सरकवत नाही, हे तुला माहीत आहे.

आता बसला आहे असं वाटतं. तेव्हा रविवार, २३ मार्च. आमचे सकाळचे अकरा, तुमचे दुपारचे अडीच. व्हिडिओ कॉल लाव. मी प्रोसेस शीट तयार केली आहे. वर्कशॉपमध्ये जॉबला असते तशीच: क्रमांक, माझं वाक्य, समोरून अपेक्षित उत्तर, माझं पुढचं वाक्य. एकूण बावीस. प्रत सोबत आहे. युनाला दाखवू नकोस, पण तिने या क्रमाने उत्तरं दिली तर बरं. क्रमांक एक मीनजंगसाठी आहे. धाकट्या भावाच्या बायकोला 'चेसुशी' म्हणायचं ना? ते तपासून कळव.

त्या डिसेंबरबद्दल मी काही लिहिणार नाही.

शिवदास


गोजे बेट
९ मार्च २०२५

दादा,

चेसुशी बरोबर. शीट मिळाली. मीनजंगने वाचली आणि म्हणाली, आमच्या वॉर्डातल्या औषधांच्या चार्टपेक्षा ही नीटनेटकी आहे. तिच्याकडून ही मोठी पावती समज. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिने मला विचारलं, "हे माझ्यासाठी?" मी हो म्हटलं. मग तिने शीट फ्रिजवर लावली.

युना चार मार्चला पहिलीत गेली. तीही सध्या तुझ्यासारखीच काना, मात्रा, टिंब गिरवते. फक्त एक सांगून ठेवतो. ती सात वर्षांची आहे, जॉब नव्हे. क्रमाने बोलेलच असं नाही.

मला फार बरं वाटतंय, एवढं लिहितो आणि थांबतो. मुलुंडला कुठे झोपायचं, गॅलरीत की हॉलमध्ये, यावर आमच्याकडे कालपासून भांडण सुरू झालंय.

सुयोग


मुलुंड (पूर्व)
२३ मार्च २०२५

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

कॉल बरा झाला. मध्येच नेटवर्क गेलं. आज इथे सगळीकडेच गेलं होतं. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून पुन्हा लावला नाही. शीटवरचे चार झाले, अठरा राहिले. युनाची जिवणी आपल्या आईसारखी आहे.

कळावे.

शिवदास


गोजे बेट
७ एप्रिल २०२५

दादा,

नेटवर्क गेलं नव्हतं. वहिनीचा आवाज आम्हाला स्वच्छ येत होता. "अहो, बोला ना! काहीतरी बोला, पोर वाट बघतेय." मग स्क्रीनवर तुझा अंगठा आला.

पहिली चार वाक्यं तू बोललास तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. मीनजंगला तू चेसुशी म्हटलंस, तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ते तुला दिसलं नसेल, तू शीटवर बघत होतास. मग युनाने तिच्या मनाने एकच प्रश्न विचारला. म्वॉ चोआहेयो? तुम्हाला काय आवडतं? तू अर्धं मिनिट तिच्याकडे बघत राहिलास. चेहरा तोच. त्या डिसेंबरातला. आणि गेलास.

ती मला म्हणाली, "खुनाबॉजींना काहीच आवडत नाही का?" मी म्हटलं, आवडतं गं, विचार करत असतील. मग रात्रीचं जेवण अर्धं टाकून म्हणाली, "मीपण नाही?"

यावर मी काय सांगायचं होतं, दादा? तुझ्या त्या शीटवर याचं अपेक्षित उत्तर आहे का?

फ्रिजवरची शीट मीनजंगने काढून घडी करून खणात ठेवली. फाडली नाही, एवढं सांगतो.

आम्ही वाकोल्याला मिहिरकडे उतरू. कॉलेजपासूनचा मित्र आहे, घर विमानतळाजवळ आहे. तिथून तिघं गोव्याला जाऊ. वहिनीला भेटायचंय. तिला वाकोल्याला पाठव. तू येऊ नकोस असं म्हणत नाही, पण तू येणार नाहीस हे मला माहीत आहे.

सुयोग


मुलुंड (पूर्व)
२६ एप्रिल २०२५

चि. सुयोग यास,

नेटवर्क गेलं नव्हतं. कॉल मी बंद केला.

एवढं वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. आता पुढचं सलग लिहितो. मध्ये थांबलो तर हे पत्र पेटीत पडणार नाही.

युनाने विचारलेल्या प्रश्नातला शब्दन् शब्द मला समजला होता. 'चोआहादा', आवडणे, हे क्रियापद मी नोव्हेंबरमध्येच केलं होतं. पण तो प्रश्न शीटवर नव्हता. त्या जागी तिने मैत्रिणीचं नाव सांगायचं होतं. मला काय आवडतं? मला हे आधी कोणी विचारलं होतं का, ते आठवायला लागलो. मग वाक्य मनात जुळवायला घेतलं. एक जुळलं, ते बरोबर वाटेना. दुसरं घेतलं. समोर ती मान वाकडी करून बघत होती. चुकलो तर ही हसेल, असं वाटलं. सात वर्षांची पोर. मी तिला घाबरलो, सुयोग. आणि बटण दाबलं.

आता डिसेंबर २०१७. तारीख दहा, रविवार, दुपारचे साडेचार. मीनजंग वाकली आणि तिच्या भाषेत एक वाक्य बोलली. तू हसत म्हणालास, "दादा, बिनधास्त इंग्रजीत बोल, तिला समजतं." तुला वाटलं, सोपं करून दिलं.

मला इंग्रजी वाचता येतं. ड्रॉइंग वाचतो, कॅटलॉग वाचतो. तू कॉलेजला गेलास की तुझी इंजिनिअरिंगची पुस्तकं मी एकेक करून वाचली आहेत, तुला कधी सांगितलं नाही. बोलता येत नाही. वर्कशॉपमध्ये नवे इंजिनिअर पोरगे इंग्रजीत काही विचारतात तेव्हा मी यस, नो म्हणतो आणि पाठ फिरवून कामाला लागतो. ते म्हणतात, म्हातारा खडूस आहे. म्हणू देत. खडूस परवडतं, अडाणी परवडत नाही. ज्या भावाला मी शिकवलं त्याच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर, पहिल्याच दिवशी तोंड उघडून अडखळायचं? मी आत गेलो. पाच मिनिटांत एक वाक्य तयार करून बाहेर येणार होतो. तुमचं आमच्या घरी स्वागत आहे, एवढंच. घराला हाउस म्हणायचं की होम, तिथे अडलो. पलंगावर बसून डिक्शनरी उघडली. दोन्ही शब्द पाहिले. खात्री होईना. तुम्ही निघालात आणि दाराची कडी वाजली तेव्हा डिक्शनरी माझ्या मांडीवर होती.

राग नव्हता. त्या दिवशी नव्हता, नंतर एक दिवसही नव्हता. तुम्ही लग्न केलंत तेव्हाही नव्हता.

मग सात वर्षं सांगितलं का नाही? तुला रागीट दादा चालला असता, आहेच तो तसा. पण ज्याला इंग्रजीत 'या' म्हणता येत नाही असा दादा तुला माहीत नव्हता. तो माहीत होऊ नये असं मला वाटत होतं. वसुधाला, तुझ्या वहिनीला, सगळं माहीत होतं. तिने मला गेल्या सात वर्षांत किमान शंभर वेळा सांगितलं, "फोन करा नि सांगा, त्यात काय मेलं?" काल रात्री तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "मीपण नाही, असं म्हणाली ती?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिच्या टोमण्यांची सवय आहे मला. काल टोमणा आला नाही.

पुस्तकात पान तेरावर एक शब्द आहे. 'मोल्लायो'. मला माहीत नाही. अगदी सुरुवातीच्या धड्यातला. मी त्यावर पेन्सिलीने काट मारली होती. लागणार नाही म्हणून. परवा काट खोडली. वसुधाने मला भाजीवाल्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "म्हणा." मी म्हटलं. तिने विचारलं, "मोठ्याने?" मी मोठ्याने म्हटलं. भाजीवाला म्हणाला, "काका, क्या नहीं मिल रहा?" माझ्या कोरियनची पहिली जाहीर परीक्षा ही अशी झाली. काही कोसळलं नाही. मेथी घेतली आणि घरी आलो.

सोबत दोन कागद आहेत. एक युनाला, एक मीनजंगला. तू सुधारू नकोस. पुस्तक न उघडता एका बैठकीत लिहिलेत. चुका आहेत, खाडाखोड आहे. खाडाखोड असलेला कागद मी आजवर कोणाला दिलेला नाही, वर्कशॉपमध्येही नाही. तरी तसाच दे.

याल न याल, ते तुम्ही ठरवा. वसुधा वाकोल्याला येईल. मीही येईन. खाली थांबावं लागलं तर खाली थांबेन.

दादा


गोजे बेट
११ मे २०२५

दादा,

तुझं पत्र शिपयार्डच्या कँटीनमध्ये उघडलं. चूक झाली. समोर चौघेजण जेवत होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेजारच्याने विचारलं, घरी काही वाईट? मी म्हटलं, नाही, भावाचं पत्र आहे. त्याला काही कळलं नाही.

तुझी पुस्तकं वाचायची गोष्ट... मला वाटायचं वहिनी धूळ पुसते आणि पुस्तकं जागची हलतात.

युनाने तुझं पत्र आधी मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाली, थांबा. दप्तरातून लाल पेन्सिल काढली. तू लिहिलेलं इथे मराठीत देतो, म्हणजे तुला कळेल काय काय बोलून बसलास ते. "मला पेन्सिलीला टोक काढायला आवडतं. मला उकड्या तांदळाची पेज आवडते. मला वसुधा आवडते, हे तिला सांगू नको. तू विचारलंस ते मला आवडलं. मी बोललो नाही कारण मला भीती वाटली. तू मला आवडतेस." अकरा चुका काढल्या तिने. कागद परत पाठवतोय. खालचा शिक्का बघ. इथे पहिलीच्या बाई वही तपासून असा फुलाचा शिक्का मारतात, त्यावर लिहिलेलं असतं 'छाम चाल्हेस्सॉयो', फार छान केलंस. तिला तो वर्गात दोनदाच मिळालाय. तुझ्यासाठी तिने तो बाजारातून विकत आणायला लावला. वहिनीचं गुपित मात्र राहिलं नाही. मी काल फोन केला आणि सांगून टाकलं. सॉरी. ती म्हणाली, "पेजेनंतर नंबर लागला ना? ठीक आहे."

मीनजंग तिचा कागद घेऊन आत गेली. चाळीस मिनिटं नाही, पण बराच वेळ. बाहेर आली आणि म्हणाली, त्या दिवशी मी काय बोलले ते त्यांना कधी कोणी सांगितलं का?

नाही सांगितलं. मीच सांगितलं नाही. ती म्हणाली होती, "माझ्यात पुष्कळ उणं आहे, सांभाळून घ्या." इथे नवी सून सासरच्या माणसांसमोर हे म्हणते. मी तिथल्या तिथे मराठीत सांगायला हवं होतं. पण मला बघायचं होतं तू काय करतोस ते. तुझी परीक्षा घेत उभा होतो मी, दादा. तू आत गेलास तेव्हा मनात म्हटलं, वाटलंच होतं. तुझ्यामागे आत यायला चार पावलं लागली असती. मी ती टाकली नाहीत. माझी चूक मी कोणाला सांगितली नव्हती, परवा मीनजंगला सांगितली. ती माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. तिच्या मते आपण दोघे भाऊ एकाच साच्यातले आहोत.

२७ जुलै, रविवार, पहाटे सव्वातीनला उतरतो. वाकोल्याला नाही. मुलुंडला. शीट करू नकोस.

सुयोग


मुलुंड (पूर्व)
२० ऑगस्ट २०२५

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. घर मोठं वाटतंय. युनाने अकरा चुका काढल्या होत्या, त्यातली सातवी चूक नाही. पुस्तक, पान एकसष्ट. तिला इथे असताना तीनदा दाखवलं. ती मान्य करत नाही. तिला सांग, मी विषय सोडलेला नाही.

शेजारची इरावती विचारत होती, काका, तुमची ती पाहुणी पोरगी लिफ्टमध्ये सगळ्यांना वाकून नमस्कार करायची ती गेली का? बिल्डिंगमध्ये आता दोन-तीन पोरं एकमेकांना वाकून दाखवतात. वसुधा सकाळी मला चहा देताना दोन्ही हातांनी देते आणि वर म्हणते, "घ्या, खुनाबॉजी." मी काही बोलत नाही, कारण मला ते आवडतं.

एक सांगायचं राहिलं होतं. तू इथे होतास तेव्हा सांगता आलं नाही.

पाच ऑगस्टला तू वहिनीला घेऊन जोगेश्वरीला मावशीकडे गेलास. युना दुपारी दिवाणावर झोपली. मीनजंग अळूवड्या करायला बसली होती. वसुधाने आदल्या दिवशी शिकवल्या होत्या. पीठ ती जास्त लावत होती. मी समोर बसून पानांचे देठ काढून देत होतो. पंखा सोडला तर घरात आवाज नव्हता.

मी म्हटलं, चेसुशी. तिने वर बघितलं. मी सुरुवात केली. "त्या दिवशी" हे आलं. "मी" आलं. पुढे गाडी थांबली. 'आत जाणे' याला काय म्हणतात ते माहीत असून सापडेना. मी मोल्लायो म्हटलं, दाराकडे बोट केलं. ती 'हं' म्हणाली, थांबली. "बोलता येत नव्हतं" हे वर्तमानात बोललो, मग मागे जाऊन भूतकाळात आणलं. "म्हणून" यासाठी एक शेपूट जोडावं लागतं, ते दोनदा चुकीचं जोडलं. मग शेवटी "राग नव्हता." हे सोपं होतं, हे मी आधी म्हणायला हवं होतं. एकूण चार मिनिटं लागली. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून माहीत. तेवढा वेळ तिने हातातलं पान खाली ठेवलं नाही आणि माझ्या वाक्यात एकही शब्द भरला नाही. तुला सांगतो, सुयोग, मी शिकवलेले पोरगे माझ्या हातातलं काम तीस सेकंदांत ओढून घेतात. ती थांबली.

मग ती बोलायला लागली. दहा-बारा मिनिटं. मी दोनदा छॉनछॉनी म्हटलं, सावकाश. ती मान डोलवायची, एक वाक्य सावकाश बोलायची आणि पुन्हा तिच्या वेगाला लागायची. मला पाव भाग समजला असेल. त्यात हॉस्पिटल होतं. युना झाली तेव्हाचं काहीतरी होतं. 'एकटी' होतं. तुझं नावही आलं, ते फारसं चांगल्या अर्थाने नसावं. एकदा तिने डोळे पुसले. पिठात तिखट होतं, त्यामुळे नक्की कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता, आणि तसं विचारायचं क्रियापद मी केलेलं नाही. मी देठ काढत राहिलो. देठ संपले तेव्हा काढलेली पानं पुन्हा पुसायला घेतली. ती अजून बोलत होती.

तेवढ्यात तू बेल वाजवलीस. आत येऊन आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत म्हणालास, "काय चाललंय रे?"

मी कोरियनमध्ये म्हटलं, काही नाही. तिने मराठीत म्हटलं, काही नाही.

दादा